बंद नळीतला उजेड

एक्स-रेवाले काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मागे राहिली ती काकूंची खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यातले सात मासे. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज दिवेलागणीला ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसत. खालच्या कपाटात एक जाड काळी नळी होती. टाकीतलं पाणी तिच्यातून फिरायचं आणि आतला अतिनील दिवा पाण्यातले जंतू मारायचा. नळीला नखाएवढी काच होती. तिचा निळसर उजेड कपाटाच्या फटीतून फरशीवर पडायचा. तो दिसला की काकांना बरं वाटायचं. काकूंचं काहीतरी अजून चालू आहे, एवढंच.

आठ महिन्यांनी पिवळ्या माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठले. तो बाकीच्यांना कोपऱ्यात पिटाळायचा म्हणून काकू त्याला हेडमास्तर म्हणायच्या. आता तोच दगडाला अंग घासत होता. काकांनी टाकीवाल्याला बोलावलं.

टाकीवाल्याने कपाटात डोकं घातलं. "काका, हा यूव्ही दिवा कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठे? काल संध्याकाळी तर चालू होता."

टाकीवाल्याने त्या दिव्याची वायर बाहेर काढली. तिची नीट गुंडाळी करून रबरबँड लावलेला होता आणि त्यावर बोटभर धूळ. शेजारी चांगल्या जिवाणूंची अर्धी बाटली होती. ते पाण्यात सोडले की दोन दिवस यूव्ही बंद ठेवायचा, नाहीतर तो त्यांनाही मारतो. बाटलीवर काकूंच्या अक्षरात तारीख होती. त्याच दिवशी त्या दवाखान्यात भरती झाल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "दोन दिवसांत येतेच."

काका खुर्चीत बसले. "मी रोज पाहिलाय तो उजेड."

"वरच्या दिव्याचा असेल," टाकीवाला म्हणाला आणि त्याने वर पाहिलं. वरचा दिवा पांढरा होता.

हेडमास्तर आणि इतर मासे औषधाच्या टबात गेले. अंगावर बसलेला रोग यूव्हीने जात नाही, असं टाकीवाल्याने सांगितलं. दोन छोटे मासे दगावले. हेडमास्तर वाचला.

काकांनी परगावच्या लेकीला फोनवर सगळं सांगितलं.

"बाबा, सुट्टीत आले होते तेव्हा मीही पाहिला होता. मला वाटलं, तुम्हीच लावता."

आता नळीत नवा दिवा आहे. नळी धुवायची तर प्लग काढावा लागतो. त्या दिवशी काका टाकीवाल्याच्या हाती घराची किल्ली देतात आणि समोरच्या बागेत जाऊन बसतात.

"झालं की फोन कर," ते बजावतात. "पण आधी प्लग लाव, मग कर."