सोळा टोप्या आणि एक पोळपाट

मित्रांनो, मला आता पाय नाहीत. एके काळी तीन होते, आखूड आणि भक्कम. मी बाभळीच्या लाकडाचा जुना पोळपाट आहे, आणि मधोमध तडकलेला आहे. गेली कित्येक वर्षे माझ्यावर एकही पोळी लाटली गेलेली नाही. असे का झाले, ते सांगतो.

रविवार पेठेतल्या एका कातार्‍याने मला चाकावर फिरवून घडवले. वासंतीच्या आईने मला लेकीच्या लग्नात दिले. वासंती खराडीत नांदायला आली तेव्हा तिथे घरांपेक्षा शेते जास्त होती. घर दोन खोल्यांचे, वर पत्रा. तिचा नवरा अभय एका कारखान्यात फिटर होता. शेजारच्या सोजरबाई पोळ्यांकडे बघून म्हणायच्या, "वासंती, तुझ्या हाताला वळण आहे हो!" ते कौतुक तिच्या हाताचे होते, पण मी ते निम्मे माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

पुढे अभयचा कारखाना बंद झाला. समोरच्या उसाच्या शेतात काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथे संगणकाचे काम चाले म्हणे. अभय रोज इस्त्रीचा शर्ट घालून तिथल्या फाटकांवर जायचा आणि दुपारी परत यायचा.

"काय म्हणाले?" वासंती विचारायची.

"वय विचारलं. बेचाळीस सांगितलं. वॉचमनसुद्धा पस्तिशीच्या आतला हवाय त्यांना."

वासंती ऑर्डरीवर स्वेटर विणायची. पण बाजारात तयार, स्वस्त, रंगीत स्वेटर आले आणि तिच्या सुया थांबल्या. माझ्यावरच्या पोळ्या आठावरून पाचावर आल्या. "माझं नंतर लाटते," असे ती म्हणायची. ती नंतरची पोळी मी कधी पाहिली नाही.

त्यांची मुलगी चैताली तेव्हा आठवीत होती. ती शिकत होती त्या मुलींच्या शाळेला कुणी देणगीदाराने बॅगपाईप आणि ड्रम दिले होते. शिकवायला संभाजी हवालदार यायचे. मांजरी गावच्या शेतकरी घराण्यातले, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. सोळा मुलींचा बँड तयार झाला. पालकांनी मिळून चौकडीचे कापड आणले आणि स्कॉटलंडच्या पद्धतीचे चुण्यांचे घागरे, म्हणजे किल्ट, शिवून घेतले. एक मेच्या संचलनासाठी शाळेची निवडही झाली.

अडले ते टोप्यांवर. किल्टवर लोकरीची चपटी, गोल टोपी लागते, वर गोंडा असलेली. ती उत्तरेकडून मागवावी लागे. एका टोपीच्या किमतीत यांच्यासारख्या घरात आठवड्याचा किराणा आला असता. शाळेच्या मोठ्या बाईंनी सरळ सांगून टाकले, "अर्धा गणवेश म्हणजे गणवेश नव्हे. टोप्या नसतील तर बँड जाणार नाही. आणि नुसती धूळ खायला वाद्यं इथे ठेवता येणार नाहीत, ती दुसर्‍या शाळेला जातील."

त्या दिवशी चैताली घरी आली आणि जेवलीच नाही. दुसर्‍या दिवशी संभाजी हवालदार स्वतः आले. त्यांनी पिशवीतून आपली जुनी टोपी काढली. कसरीने खाल्लेली, पण आकार शाबूत.

"वासंतीताई, असली टोपी तुमाला जमंल का? पोरी लई जीव लावून वाजवत्यात."

वासंतीने टोपी उलटी केली, टाके मोजले, कापड चिमटीत धरून पाहिले. "ही मोठी विणायची, मग गरम पाण्यात आटवून घट्ट करायची," ती म्हणाली. "आणि वाळेपर्यंत आत गोल लाकूड पाहिजे. नाहीतर आकार राहणार नाही."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग वासंतीने माझ्याकडे पाहिले.

"अहो, करवत आणा."

अभयने माझे तिन्ही पाय कापले. मला दुखले, हे खोटे सांगणार नाही. त्या दिवसापासून घरातल्या पोळ्या पालथ्या ताटावर लाटल्या जाऊ लागल्या.

जुन्या बाजारातून वासंतीने जुने स्वेटर आणले. ते उसवून तिने सहा टोप्या विणल्या आणि उकळत्या पाण्यात घातल्या. साबण आणि धुण्याचा सोडा टाकून चोळल्या, आपटल्या. पण एकही आटली नाही. माझ्यावर ताणल्या तर त्या भिजल्या चिरगुटासारख्या लोंबत राहिल्या. अभयने धाग्याचे एक टोक काडीने पेटवले. ते वितळले आणि त्याचा काळा मणी झाला.

"ही लोकरच नाही," तो म्हणाला. "सगळं नायलॉनसारखं काहीतरी आहे."

वासंती भिंतीला टेकून खाली बसली. नऊ दिवस उरले होते. हातात एकही टोपी नव्हती आणि घरात खर्‍या लोकरीचा एकच कपडा होता, तिने लग्नाआधी अभयसाठी विणलेला निळा स्वेटर. तिने मला मांडीवर घेतले आणि नुसता हात फिरवत राहिली. पीठ नसलेल्या पोळपाटावर कुणी असा हात फिरवला की पोळपाटालाही भीती वाटते, मित्रांनो.

हवालदारांना हे कळले. ते दोन दिवस दिसले नाहीत. सात दिवस उरले असताना सायकलला गाठोडे बांधून आले. त्यात फौजेच्या जाड जर्सी होत्या, हिरव्या, खर्‍या लोकरीच्या. खडकी, घोरपडी, दिघी, जिथे जिथे त्यांचे जुने सोबती राहत होते, तिथे जाऊन त्यांनी त्या मागितल्या होत्या.

"चौदा गावल्या," ते म्हणाले. "आन् ही माझी. पंधरा."

आता उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. वासंतीने डोके चालवले. तिने जर्सी सबंधच उकळल्या. त्या आटल्या आणि घोंगडीसारख्या घट्ट झाल्या. मग कापले तरी टाका निसटेना. छाती आणि पाठीतून दोन गोल, बाहीतून डोक्याची पट्टी, उरल्यातून गोंडा. टोपी शिवून, काळ्या रंगात बुडवून, ओलीच माझ्यावर ताणायची, खालून दोरी आवळायची आणि पत्र्यावर उन्हात ठेवायची. एप्रिलच्या उन्हात चार तासांत वाळायची. दिवसाला दोन, कधी तीन.

सहा दिवस मी उकळत्या पाण्याने भिजत आणि पत्र्यावर भाजत राहिलो. पण मी लाकूड होतो. वासंतीचे हात कातडीचे होते. गरम पाणी, मग गार, मग सोडा, मग काळा रंग. तिसर्‍या दिवशी तिची पकड सैल झाली. पाचव्या दिवशी दोरी आवळताना तिने ती दातात धरली. अभय बाहेर पत्र्यावर टोप्या उलटत होता, चैताली शाळेत सरावाला होती. कुणी आत आले की वासंती हात पदराखाली घ्यायची.

तीस एप्रिलला दुपारी पंधरा टोप्या तयार होत्या. सोळावी चैतालीची. तिच्यासाठी जर्सी नव्हती. अभयने आपला निळा स्वेटर आणून पातेल्यात टाकला. वासंती म्हणाली, "अहो, तो नको ना." तो म्हणाला, "मला कुठे जायचंय आता थंडीचं?"

ती टोपी माझ्यावर चढली तेव्हा ऊन उतरले होते. वासंतीने मला स्टोव्हजवळ उभे केले. मग आणखी जवळ सरकवले. मी ओला होतो, तापलेला होतो, थकलेला होतो. काडकन आवाज झाला आणि मी मधोमध तडकलो. टोपीची एक बाजू आत बसली आणि तशीच वाळली.

वासंती तेव्हा पहिल्यांदा रडली. "सगळ्यांच्या झाल्या. माझ्याच पोरीची गेली." ती टोपी ओढून सारखी करू लागली आणि तेव्हा चैतालीला तिचे हात दिसले. मनगटापर्यंत काळे, सुजलेले, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली.

"आई! हे काय?"

"रंग आहे. जाईल."

"रंग नाही हा!" चैतालीने टोपी तिच्या हातातून काढून घेतली आणि डोक्यावर घातली. बसलेली बाजू तिने उजव्या कानावर ओढली. "हे बघ. हवालदारकाका सांगतात, एक बाजू खाली ओढायचीच असते. कुणाला कळणार पण नाही. आता तू हात दाखव."

दुसर्‍या दिवशी अभय संचलनाला गेला. वासंती जाऊ शकली नाही. तिचे हात ओल्या फडक्यांत गुंडाळलेले होते, अंगात ताप होता. सोजरबाई तिला भरवत होत्या. ऊन चढल्यावर अभय आणि चैताली धावत आले. संचलनात सोळाही मुलींच्या डोक्यावर टोप्या होत्या, वाद्ये शाळेतच राहणार होती, आणि मोठ्या बाई विचारत होत्या की पुढच्या वर्षीच्या मुलींसाठीही टोप्या होतील का. वासंतीने ऐकले, मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

पुढे आणखी दोन शाळांनी टोप्या मागवल्या. कातार्‍याकडून नव्या चकत्या करून आणल्या. अभय आता कापतो आणि शिवतो. मी दारामागे खिळ्याला टांगलेलो असतो. वासंतीच्या उजव्या हाताची बोटे पूर्ण मिटत नाहीत. गरम पाण्याला चैताली तिला हात लावू देत नाही.

मित्रांनो, ओले लाकूड विस्तवाजवळ ठेवू नका, वस्तू जपून वापरा, हे मी सांगायलाच हवे. पण मला तडकल्याचे फारसे दुःख नाही. दुःख वेगळे आहे. त्या घरात सगळे टोप्या मोजत होते. मीही मोजत होतो. त्या हातांच्या सगळ्यात जवळ मीच होतो, ते सैल पडत चाललेले मला सगळ्यांच्या आधी कळले होते, आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. तुमच्या घरात कुणी हात पदराखाली लपवत असेल, तर विचारा.