हिरवा ठिपका

दोन वर्षांत प्रिती एकदाही गच्चीच्या मधोमध उभी राहून ड्रोन उडवू शकली नव्हती. काम कुठेही असो, वर गेली की आधी पाण्याची टाकी शोधायची, टाकीला पाठ लावायची आणि मगच रिमोट हातात घ्यायची. बरोबरचे लोक गमतीने म्हणायचे, मॅडमना टेका लागतो. लागायचाच. टेका सुटला की मागून अजितचा आवाज यायचा, "मागे?"

अजित म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एका जुन्या चाळीच्या गच्चीवरून पडून गेलेला. ड्रोन उडवायला त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि त्या दोघांचा एक शब्द ठरलेला होता. उडवणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात आणि पाय आपले आपण मागे सरकत राहतात. म्हणून शेजारी दुसरा माणूस लागतो. कागदोपत्री तो ऑब्झर्व्हर. त्याने आकाशाकडे बघायचं, आणि त्याहून जास्त उडवणाऱ्याच्या पायांकडे. अजितला मागे सरकायचं असलं की तो विचारायचा, "मागे?" प्रितीने वळून बघायचं आणि म्हणायचं, "मोकळं." मग तो सरकायचा. पाच वर्षं असं चाललं होतं.

त्या दिवशी चाळीच्या पुनर्विकासासाठी छपरांचे फोटो घ्यायचे होते. गच्चीचा कठडा एका जागी दोन हात ढासळलेला होता आणि दोघांनी तो वर येताच पाहून ठेवला होता. पाचला दहा कमी असताना अजितने विचारलं, "मागे?" प्रिती मोबाइलवर मैत्रिणीच्या साखरपुड्याचे फोटो बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मोकळं."

रिमोट त्याच्याबरोबर खाली जाऊन फुटला. सिग्नल तुटला तसा ड्रोन, त्याला शिकवून ठेवल्याप्रमाणे, एकटाच परत आला आणि जिथून उडाला होता तिथे, अजितच्या बॅगेशेजारी, अलगद उतरला. याला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ प्रिती जागची हलली नव्हती. तो पडला तेव्हाची भीती एक वेळ ती कुणाला सांगू शकली असती, त्या चार मिनिटांची लाज सांगता येण्यासारखी नव्हती. म्हणून पोलिसांना, चाळकऱ्यांना आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी जमलेल्या सगळ्या नातलगांना तिने एकच सांगितलं: मी बॅटरी आणायला खाली गेले होते, तो वर एकटाच होता.

ही थाप तिच्या आईने, मीराबाईने, जशीच्या तशी गिळली आणि ती तिला आतून खात राहिली. मीराबाई तीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात नर्स होती. ज्याच्या खाटेपाशी कुणी नाही, त्याचा हात धरून ती शेवटपर्यंत बसायची. पाळी संपली तरी उठायची नाही. आता कुकर लावताना, कपडे वाळत घालताना, मध्येच थांबून म्हणायची, "परक्यांचे हात धरले मी. माझं लेकरू एकटं गेलं." प्रिती ऐकायची आणि गप्प राहायची. असं गप्प राहायलाही दगडाचं काळीज लागतं, आणि ते आपल्यापाशी आहे हे कळल्यापासून प्रितीला स्वतःची भीती वाटायची.

अशात नकाशावाल्यांना सुधारणा सुचली. कुठे उडवता येईल ते दाखवणारा, ड्रोनवाल्यांचा हा मोबाइलवरचा नकाशा तसा कामाचा. हिरव्यात खुशाल उडवा, पिवळ्यात परवानगी घ्या, लालमध्ये नाव काढू नका. मुंबईचा हा सगळा भाग लाल नाहीतर पिवळा, त्यामुळे पिवळ्यातल्या परवानग्यांसाठी चपला झिजवण्यात अर्धा धंदा जातो. पण या मंडळींना स्वस्थ बसवत नाही. या वेळी त्यांनी जुनी उड्डाणं नकाशावर आणली. कुठल्या दिवशी ड्रोन कुठून कसा गेला, त्याची निळी रेषा. कुणाचं काय उकरलं जाईल, याचा विचार अर्थातच कुणी केला नव्हता.

रविवारी सकाळी गौतम आला. तो अजितचा धंद्यातला जोडीदार, दोघांनी परवाना एकाच दिवशी काढलेला. अजितचं नकाशावरचं खातं त्याच्या टॅबवर अजून चालू होतं. वरळीच्या त्या एका खोलीत, भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि त्यांच्या खाली हसणारा अजित, अशा तिघांसमोर बसून त्याने टॅब मीराबाईच्या मांडीवर ठेवला. मावशींना आपण काहीतरी छान आणलंय, या आनंदात तो होता.

सगळ्या शहरावर निळ्या रेषा पसरल्या होत्या, खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. माहीमची खाडी, परळच्या गिरण्यांच्या जागा, दादरची चौपाटी. मीराबाईने चष्मा पुसला. एवढं सगळं माझ्या अज्याने वरून बघितलं का, असं तिने दोनदा विचारलं. मग ती एकेका रेषेवर बोट ठेवू लागली आणि गौतम तारीख, वेळ, उंची वाचून दाखवू लागला.

प्रिती दारात उभी होती. कोपऱ्यातली खूण तिच्या लक्षात आली होती: उडवणाऱ्याचा ठिपका केशरी, ऑब्झर्व्हरचा हिरवा. ऑब्झर्व्हरचा फोन खात्याला जोडलेला असायचा आणि तो कुठे आहे हे नकाशा मुकाट टिपून ठेवायचा, हे ती साफ विसरली होती. आधी चहा घेऊया, असं ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. टॅबची बॅटरी संपेल म्हणाली. गौतम म्हणाला, ऐंशी टक्के आहे. आईचं बोट माहीमवरून दादरला आलं, दादरवरून परळला, आणि तिथून लालबागला.

"ही शेवटची ना?" मीराबाईने विचारलं आणि दाबलं.

रेषा गच्चीवरून निघाली, छपरांवरून फिरली आणि फिरून गच्चीवर आली. गच्चीवर दोन ठिपके होते. गौतम सवयीने वाचायला लागला, हा आपला अजित, आणि हा ऑब्झर्व्हर, आणि तिथेच थांबला. हिरवा ठिपका केशरी ठिपक्याला जवळजवळ चिकटलेला होता. केशरी दहा कमी पाचला संपत होता. हिरवा त्यानंतर चार मिनिटं तिथेच होता.

गौतम भला माणूस. त्याने प्रितीच्या तोंडाकडे बघितलं, सगळं समजला आणि तिला एक दार उघडून दिलं. "फोन वर राहिला असेल ना तुझा? तू खाली गेलीस तेव्हा?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. दोन वर्षांपूर्वी तिने असंच न बघता हो म्हटलं होतं. प्रितीच्या कानामागे तो आवाज आला, अगदी जवळून, "मागे?" आणि या वेळी तिने आईकडे नीट बघितलं.

"फोन माझ्या हातात होता," ती म्हणाली. "मी वरच होते, आई. त्याने मला विचारलं. मी न बघता मोकळं म्हटलं."

मग साखरपुड्याचे फोटो, ढासळलेला कठडा, परत आलेला ड्रोन, ती चार मिनिटं, सगळं तिने सांगितलं. गौतम कधी उठून गेला ते दोघींना कळलं नाही. मीराबाईने टॅब मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवला.

"म्हणजे तो एकटा नव्हता."

"नव्हता."

"तुझा आवाज ऐकून गेला."

प्रितीने जमिनीवरचा टॅब पालथा घातला.

"चूक झाली तुझ्याकडून. वॉर्डात माझ्याकडूनही झाल्यात, मला कळतं ते," मीराबाई म्हणाली. "पण दोन वर्षं मी त्याला एकट्याला पडताना बघतेय गं. रोज. आणि तू ताटावर माझ्यासमोर बसत होतीस."

त्यानंतर नऊ दिवस ती प्रितीशी बोलली नाही. डबा भरून द्यायची, पाणी तापवून ठेवायची, शब्द मात्र नाही. प्रितीला वाटत होतं, खरं बोललं की तो आवाज जाईल. गेला नाही. उलट खोलीतही यायला लागला, आई पाठमोरी असली की.

दहाव्या दिवशी माहीमला एका सहा मजली इमारतीचं काम होतं. प्रिती बॅग भरत असताना मीराबाईने चपला घातल्या आणि विचारलं, ऑब्झर्व्हर कोण आहे आज. कुणीही चालतो, म्हणाली प्रिती, डोळे शाबूत हवेत. "माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेत," मीराबाई म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

गच्चीवर ऊन होतं. प्रितीने आईचा फोन खात्याला जोडला आणि सवयीने टाकीला पाठ लावली. ड्रोन शेजारच्या टॉवरच्या आड गेला, तसं पडद्यावरचं चित्र अडकायला लागलं. टाकी सोडून मोकळ्यात जायला हवं होतं.

"तिथे चिकटून काय उभी राहिलीस," मीराबाई म्हणाली. "मध्ये ये."

प्रिती मध्ये आली. चित्र अजून अडकत होतं आणि आता मागे सरकायला हवं होतं. विचारणारा नेहमी अजित असायचा. तो प्रश्न तिने आयुष्यात कधी विचारला नव्हता.

"मागे?" तिने विचारलं.

आईच्या चपला फटफट करत मागे गेल्या, कठड्यापाशी थांबल्या आणि परत आल्या.

"पाच पावलं आहेत. सरक."

प्रिती सरकली.

"चार. ये. तीन."

प्रिती पडद्यावरून नजर न काढता सरकत होती.

"दोन. थांब."

पाठीवर तळवा टेकला, रुग्णाला उठवून बसवताना नर्स टेकवते तसा, घट्ट. ड्रोन खाली उतरेपर्यंत तो तिथेच होता.