गालिच्याखालचा डेलिया

एप्रिलच्या पहिल्या रविवारी कथबर्टने वाफ्यावरचं प्लास्टिक उचललं आणि कुजका वास आला. फावड्यावर कंद आलेच नाहीत, नुसता चिकट चिखल आला. त्याच्या बायकोचा, इसोबेलचा, डेलिया गेला होता.

तो तिने बीपासून वाढवला होता. गडद लाल, टोकं पांढरी. दुकानात मिळण्यातला नव्हे. नोव्हेंबरात ती गेली. जाण्याआधी नवऱ्याला म्हणाली होती, "माझा उपटू नकोस. वर पेंढा घाल, बास."

बास म्हटल्यावर थांबेल तो कथबर्ट कसला. तो स्वतःचे कंद दर हिवाळ्याआधी उपटून, कागदात गुंडाळून शेडमध्ये ठेवायचा आणि कंद जमिनीतच ठेवणाऱ्या तिच्या आळसाला हसायचा. या वेळी तिचं जपायचं म्हणून त्याने पेंढा घातला, त्यावर जुना गालिचा, त्यावर प्लास्टिक, कडेने विटा. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडच्या थंडीला आत शिरायला जागा नव्हती. पाण्याला बाहेर पडायलाही नव्हती.

स्वतःचे कंद उपटायचे मात्र त्या दुःखात राहूनच गेले. त्यांच्यावर काडीसुद्धा पडली नव्हती. त्या रांगेत आता बोटभर कोंब होते.

शेजारच्या वाफ्यातला मॅटी कुंपणाशी आला. दोघांचा अबोला होता, म्हणून तो आपल्या कुत्रीशी बोलला.

"बघ गं नेल, गालिचा अंथरलाय. सकाळचा चहाही देत असेल कंदाला."

मग त्याला फावड्यावरचा चिखल दिसला. या वेळी तो सरळ कथबर्टशीच बोलला.

"माझ्याकडे आहे तिच्या कंदाची फोड. तिनेच दिलेली. तुला सांगू नको म्हणाली."

"का?"

"तू एक दिवस जीव लावून मारशील म्हणाली."

कथबर्टने फावडं खाली ठेवलं. "कुठेय?"

"त्या राखेच्या ढिगाखाली. मी तर विसरलोच होतो. कोंब आलाय."

"मग दे की अर्धी."

"देतो ना. पण घरी पिकवलेल्या लीकभाजीच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर म्हणालास, मॅटीने लीक बाजारातून आणली. ते खोटं होतं, एवढं म्हण."

"आणलीच होतीस."

"मग बस चिखल हुंगत," मॅटी म्हणाला आणि नेलला घेऊन गेला.

कंद फोडायला मे महिन्यापर्यंत वेळ असतो. कथबर्ट रोज कुंपणापर्यंत जाऊन येतो. तेवढं एक वाक्य म्हणायचं अजून राहिलं आहे.