झोळीच्या ठेक्यावर

पाटोद्याच्या अलीकडच्या दूध केंद्रावर सकाळची रांग पार रस्त्याला टेकली होती. काट्यावर कॅन ठेवला तरी कॉम्प्युटरवर वजन उमटेना. स्वप्ना हातानं बटणं दाबत होती आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं लेकीची, संस्कृतीची, झोळी हलवत होती.

“तुझं ध्यान पोरीकडं,” चेअरमन मोहनराव म्हणाले. “उद्यापासून तिला घरी ठिव. न्हाईतर मला दुसरं माणूस बघावं लागंल.”

घरी ठेवायची कुणापाशी? नवरा धारूरला कामावर, सासूबाई शेळ्यांमागं.

“दूध नासल्यावर ताकाचं वजन घेती का गं?” रांगेतून बायनाबाईनं विचारलं.

स्वप्नानं कॉम्प्युटरच्या आतल्या नोंदी उघडल्या. एखादं यंत्र जोडलं की कॉम्प्युटर त्याच्या नावाची फाइल करतो आणि तिच्यातूनच यंत्राशी बोलतो, एवढं ती शिकली होती. इथं तर गंमतच चाललेली. काटा जोडला, काटा सुटला. पुन्हा जोडला, पुन्हा सुटला. दर वेळी फाइल पुसली जायची, नवी व्हायची, आणि बिचारा प्रोग्राम काट्याला पहिल्यापासून हुडकत बसायचा.

नोंदींच्या ओळी ठेक्यात येत होत्या. ठेका लई ओळखीचा वाटला.

तिनं पाय थांबवला. ओळी थांबल्या. संस्कृती कुरकुरली. पाय हलवला, ओळ आली.

ती टेबलाखाली वाकली. झोळीची दोरी काट्याच्या वायरीला घासून जात होती. दर झोक्याला वायरीला हिसका.

वायर खराब झालीय म्हणावं आणि गप बसावं, असं क्षणभर मनात आलं. पण काटा चालवायचा तर दोरी सोडावी लागणार, मग पोर झोपायची कशी?

“काका, तुमचंच खरं,” ती म्हणाली. “पोरीपायीच काटा अडलाय. पण माझ्या ध्यानानं न्हाई, ह्या दोरीनं.”

मोहनराव वाकून बघू लागले. तेवढ्यात बायनाबाईनं खिडकीतून हात घातला. “आण ती हिकडं. रांगेत हात रिकामेच हायेत.”

दोरी खिडकीबाहेर गेली आणि वजनं पटापट उमटू लागली. ज्याचा नंबर येई, तो दोरी मागच्याच्या हातात देई. शेवटचा गडी दूध घालायला आला, तेव्हा दोरी धरायला मागं उरले फक्त मोहनराव.

“हळू वढा चेअरमन,” बायनाबाई म्हणाली. “पोरगी हाय, विरोधी पार्टी न्हाई.”

स्वप्नानं हसू दाबलं. “काका, मग उद्याचं कसं?”

मोहनरावांनी झोळीत डोकावून आवाज खाली घेतला. “उद्या दोरी जरा लांब आण.”