तहाची उलटी बांधणी

दोन बलाढ्य राष्ट्रांच्या तहाच्या प्रती बांधायचं काम सरकारी छापखान्यातल्या बांधणीवालीकडे आलं, तेव्हा तिने आनंदाने होकार दिला. तिची धाकटी बहीण नदीच्या पुलापलीकडे राहायची. पुलाच्या त्या टोकाला उत्तरवाल्यांचं सैन्य, या टोकाला दक्षिणवाल्यांचं, आणि मधल्या तिच्या चिमुकल्या देशाला विचारतंय कोण? अकरा वर्षं दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. सह्या झाल्या की त्याच संध्याकाळी पूल खुला होणार होता.

आता मोठ्यांचे मानपानही मोठे. उत्तरेने घरी न्यायच्या प्रतीत पानोपानी उत्तरेचं नाव आधी, दक्षिणेच्या प्रतीत दक्षिणेचं. बाकी मजकूर अक्षरन् अक्षर तोच. मागच्या खेपेला एकाची खुर्ची दोन बोटं उंच निघाली म्हणून बोलणी फिसकटली होती. शहाण्यासुरत्या माणसांची ही तऱ्हा!

सह्यांच्या दिवशी सकाळी दोन्ही प्रती सोपवून बाई सभागृहाबाहेर चहा पीत बसली होती. मनातल्या मनात काम पुन्हा एकदा आठवताना तिने कप खाली ठेवला. कागदांचे दोन्ही गठ्ठे तिने एकावर एक दाबयंत्रात ठेवले होते, वर उत्तरेचा. पण काढताना तो ढीग तिने पालथा काढला होता, म्हणजे वरचा गठ्ठा गेला खाली. आणि तिने आपलं वरच्यालाच उत्तरेची राजमुद्रा असलेलं निळं आवरण चढवलं होतं, खालच्याला दक्षिणेचं लाल. एकतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, आणि झाली ती नेमकी याच कामात.

गप्प बसावं का? पानं कोण चाळतंय? सह्या होतील, पूल उघडेल, बहीण येईल. पण चार महिन्यांनी कुणाच्या लक्षात आलं, तर फसवलं म्हणून पुन्हा बंदुका निघतील, आणि नेमकी तेव्हा बहीण पुलावर असली तर? बाई उठली आणि थेट शिष्टाचार अधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, आवरणांची अदलाबदल झालीय. चूक माझी आहे."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "नव्याने बांधायला किती वेळ लागेल?"

"डिंक वाळायलाच आठ तास."

"दोन तासांनी दोन्ही राजदूतांची विमानं आहेत, बाई. परत कधी येतील, देव जाणे."

लपवण्यात अर्थ नव्हता. साहेब आत गेले, मागोमाग बाईही गेली. दक्षिणेच्या राजदूतबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लाल आवरणाची प्रत उघडली.

"म्हणजे आमच्या घरी जाणाऱ्या प्रतीत पहिलं नाव यांचं?"

"हो," बांधणीवाली म्हणाली.

"आणि यांच्या प्रतीत आमचं?"

"हो, बाईसाहेब."

राजदूतबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. आता घोडं अडणार, असं बांधणीवालीला वाटलं. तेवढ्यात उत्तरेच्या म्हाताऱ्या राजदूतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आमच्या दप्तरात तुमच्याशी झालेले तीन तह आहेत," ते राजदूतबाईंना म्हणाले. "तिन्हींत पहिलं नाव आमचंच आहे. तिन्ही मोडले."

मग म्हातारबुवा बांधणीवालीकडे वळले. "ही बांधणी टिकेल ना?"

"बांधणीची हमी माझी, साहेब. बाकीचं तुम्ही दोघं बघा."

राजदूतबाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी पेन उघडलं आणि उत्तरेच्या नावाखालची, दुसऱ्या क्रमांकाची जागा शोधून तिथे सही केली. म्हातारबुवांनी निळी प्रत पुढे ओढली आणि त्यांनीही दुसऱ्या जागेवर सही केली. मग प्रती बदलून दोघांनी उरलेल्या जागांवरही सह्या केल्या. बांधणीवालीचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पुलावर ही गर्दी. त्या गर्दीतून एक पांढऱ्या केसांची बाई धापा टाकत आली आणि बांधणीवालीसमोर थांबून तिच्याकडे बघतच राहिली.

"ताई, केवढी म्हातारी झालीस गं तू," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"आणि तू कुठे तरुण राहिलीयस?" म्हणत बांधणीवालीने तिला पोटाशी धरलं.