शाविशचा हात

शी! आठवलं तरी तोंड कडू होतं. वाळवंटातली मुर्रातची विहीर दोन दिवस मागे राहिली होती. भर दुपारी उंट बसवले, तर आमच्या नव्या खवाजाने, म्हणजे गोऱ्या साहेबाने, आधीच्या एका खवाजाने लिहिलेलं पुस्तक काढलं. दुभाष्या गिरगिसला म्हणाला, "यातला सिमूम वारा याच वाटेवरचा आहे, वाचून दाखव यांना."

गिरगिस वाचू लागला. "विषारी जांभळा वारा आला. वाटाड्या शाविशने एक श्वास घेतला नि जागीच गेला. त्याला उचलायला गेलो, तर त्याचा हात खांद्यातून निखळून माझ्या हातात आला."

शाविश माझा सख्खा भाऊ; त्याच्यामागे आता वाटाड्या मी. मी त्याला स्वतः पुरलं. दोन्ही हात धड होते!

"बंद कर ते!" मी म्हणालो. "वारा आला, खरंय. आम्ही तोंडं झाकून उंटांच्या आडोशाला पालथे पडलो. अर्ध्या तासात गेला. वाऱ्याने कुणी मेलं नाही! पखालीची गाठ फक्त वाटाड्याने सोडायची. या लिहिणाऱ्याने ती गुपचूप सोडली, दाढीतली वाळू धुतली आणि पखाल तशीच उघडी टाकली. पाणी गेलं वाळूत. पाणी सांडलं की वाटाड्याने आपल्या वाटचं पाणी सोडायचं, ही आमची रीत. शाविशने सोडलं. तिसऱ्या दिवशी गेला. आणि हा लबाड म्हणतो, हात निखळला!"

"करारभाऊ, हळू बोला," गिरगिस कुजबुजला.

"का हळू? शब्द न् शब्द सांग त्याला. भावाचं मरण खरं लिहून हवंय मला. दुसरं काही नको."

गिरगिसने सांगितलं. खवाजा मान हलवत ऐकत होता. वही काढून बराच वेळ लिहीत बसला. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

"काय लिहिलं रे?"

गिरगिस मान वर करेना. "म्हणतो, आजही त्या विषारी वाऱ्याचं नाव काढलं की इथले वाटाडे वेड्यासारखे ओरडतात."

तेवढ्यात खवाजा उठला. बोटांची शाई धुवायला पखालीकडे गेला आणि गाठ सोडू लागला.

किळस आली मला. त्याचं मनगट धरून बाजूला सारलं, गाठ करकचून आवळली आणि पखाल माझ्या उंटावर चढवली.

"गिरगिस, सांग त्याला. शाई वाळूने घास म्हणावं. हात निखळला, तर तेही लिही."