आईला मुलं किती

फोटोत आईची डावी कुडी दिसत होती, उजवी नव्हती — म्हणजे मान जराशी वळलेली, आणि मान वळलेला फोटो ही इमिग्रेशनची माणसं चालवून घेतील का... मृदुलानं तो पासपोर्टचा फोटो खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. चालेल. न चालायला काय झालं? आज सगळंच चालणार होतं. सकाळपासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता, चहा दोनदा उतू गेला, आणि चंद्रशेखर, तिचा नवरा, ओटा पुसता पुसता म्हणाला, "अगं, आई उद्याच्या विमानानं येत नाहीयेत."

उद्या नसतील येत, पण डिसेंबरात? ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरातल्या या घरातली मागची खोली तिनं मनात केव्हाच लावून टाकली होती — इथे कॉट, इथे ऑइल हीटर, देव पूर्वेच्या भिंतीला, खिडकीबाहेर फिजोआचं झाड. आणि त्याला फळं धरली की आई त्यांची चटणी करणार, करणारच, आणि शेजारच्या सामोअन बाईला वाटीभर नेऊन देणार आणि इंग्रजीचं एक अक्षर न बोलता तिच्याशी तासभर गप्पा मारत बसणार... "इज आजी कमिंग फॉरएव्हर?" सहा वर्षांच्या जुईनं दात घासता घासता विचारलं होतं. हो बाई, फॉरएव्हर. बाबा गेल्यापासून मी या एका शब्दासाठी झुरते आहे.

अडलं होतं ते एका कागदावर. आईला बोलावण्याचा अर्ज गेला आणि दोन आठवड्यांपूर्वी इमिग्रेशनचं पत्र आलं: तुम्ही स्वतः २००२ साली इथे कायम राहण्यासाठी अर्ज केलात, त्यात एक बहीण आणि एक भाऊ लिहिलेत, दोघंही भारतात, आता आईच्या अर्जात मात्र मुलं दोनच, हे कसं? नियम साधा होता — आईची जितकी मुलं मायदेशी, निदान तितकी तरी इथे हवीत. इथे मी, एक. तिथे नाशिकला बहीण विनया, एक. बरोबरी, आई येऊ शकते. तिथे दोन झाली की अर्ज बाद.

भाऊ म्हणजे सुशील. खरं तर विश्वनाथकाकांचा मुलगा. काका-काकू अपघातात गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता, मृदुला सात. आईनं त्याला कडेवर घेऊन घरात आणलं आणि दोघी मुलींना समोर उभं करून सांगितलं, "आजपासून हा तुमचा भाऊ. चुलत हा शब्द मला या घरात ऐकू यायला नको." आला नाही. इतका आला नाही, की चोवीस वर्षांनी ऑकलंडच्या भाड्याच्या खोलीत फॉर्म भरताना भावाच्या रकान्यात तिनं क्षणभरही न थांबता सुशीलचं नाव लिहिलं... शिकलीसवरलेली इंजिनियर बाई, आणि सरकारी फॉर्म भरला तो भाऊबिजेला कोणाला ओवाळते ते आठवून. येडी कुठली.

पण येडेपणा निस्तरता येत होता, हाच तर आनंद. सुशीलला दत्तक असं कधी घेतलंच नव्हतं. आईला तशी गरज वाटली नव्हती. त्याच्या जन्मदाखल्यावर काका-काकूंची नावं होती, तो दाखला येऊन पडला होता, आणि आता फक्त प्रतिज्ञापत्र. वाचनालयात दर शनिवारी एक जस्टिस ऑफ द पीस बसतात, त्यांच्यासमोर सही करायची — नाव केवढं भारदस्त, आणि प्रत्यक्षात मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी टेबल टाकून बसलेली, हातानं विणलेला स्वेटर घातलेली एक म्हातारी माओरी बाई.

"किया ओरा, डिअर," ती म्हणाली आणि कागद हळूहळू वाचू लागली. सुशील हा माझा भाऊ नाही. तो माझ्या आईचा मुलगा नाही. चार वर्षांचा असल्यापासून तो आमच्या घरी वाढला... इथे ती थांबली. चष्म्यावरून पाहत म्हणाली, आमच्यात अशी मुलं असतात. व्हांगाई म्हणतो आम्ही. माझी एक बहीण तशीच आलेली. मी तिला बहीणच लिहिते.

मृदुला हसली.

"असो, कागद तुझा आहे," बाई म्हणाली. "हे खरं आहे ना?"

"येस," मृदुला म्हणाली. खरंच तर होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईंनी शिक्का मारला आणि मृदुला जवळजवळ पळतच गाडीशी आली, वाटेत ओळखीच्या श्यामलाताई भेटल्या तर त्यांना न विचारताच सांगून टाकलं, आई येतेय.

दुपारी दोनला, म्हणजे चिंचवडला सकाळी साडेसात वाजता, तिनं आईच्या घरी फोन लावला. सुशीलनंच उचलला.

"झाली सही. आता काही अडत नाही."

"मस्त. माझंही ॲफिडेव्हिट काल झालं, ताई. आज कुरियर करतो." मागे कुकरची शिट्टी झाली. "नोटरीनं विचारलं, या बाई तुमच्या कोण. म्हटलं, काकू." तो हसला. "तोंडात बसेना गं. कधी म्हटलंच नव्हतं."

"आईला सांगितलंस?"

"वाचून दाखवलं ना. तिचीही सही लागत होती."

"मग?"

"मग काय, केली सही. म्हणाली, मी गेल्यावर तू जेवणार काय. म्हटलं, डबा लावीन, त्यात काय. तू नको डोक्यात घेऊ. दोन स्वेटर आणलेत तिला, एक मरून, एक निळा. खूश आहे ती. सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे."

फोन ठेवल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. चिंचवडचं घर दोन खोल्यांचं. दहा वर्षं त्या घरात दोघंच — तो आणि आई. तो कामावरून येतो, ती पानं घेते... हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच? पण या दोन आठवड्यांत ती सुशीलला किती वेळा कागदावरून वजा करत बसली होती, आणि संध्याकाळी कुलूप उघडून तो घरात येईल तेव्हा आत कोणी नसेल, हे एकदाही... एकदाही मनात आलं नाही? नाही आलं. खोटं कशाला बोलू.

आता आनंद ओसरेल, असं तिला वाटलं. ओसरायला हवा होता. तिनं वाटही पाहिली. रडू आलं, खूप आलं, ते पदरानं पुसायच्या सवयीनं हात खांद्याकडे गेला आणि स्वेटरच हाताला लागला. आणि रडता रडताच डोळे भिंतीवर फिरत होते, मनात चाललं होतं की हीटरचं बटण आईला वाकून दाबावं लागेल, तो जरा उंचावर ठेवायला हवा.

"मम, आर यू सॅड?" जुई दारात उभी होती.

"नाही गं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं, तेच तर. सकाळपासून हा आनंद ती दिसेल त्याला दाखवत हिंडत होती. आताही तो होता तेवढाच होता, तसूभर कमी झाला नव्हता. फक्त कोणाला दाखवावा असा राहिला नव्हता.